‘सेशन गिटारिस्ट’साठी ‘साथीदार’ चालेल का?

कॉर्नेल डुप्री (१९४२–२०११) या अमेरिकन गिटारवादकावर लेख लिहितोय. गडी टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा. जॅझ आणि रिदम अँड ब्लूज, दोन्हीकडे हात चालायचा, पण बहुतेक आयुष्य दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर वाजवण्यात गेलं. ‘सेशन गिटारिस्ट’ला ‘साथीदार’ लिहू का?

— नको. साथीदार गवयाशेजारी बसतो, त्याच्याबरोबर गावोगाव हिंडतो. सेशन हे मुळात वेळेचं माप आहे. तिकडे वादकांच्या युनियनच्या करारात एक सेशन म्हणजे तीन तास, आणि तेवढ्यात साधारण चार गाणी उरकायची. पैसे ठरलेल्या दराने. रेकॉर्ड लाखांनी खपली तरी वादकाला सहसा रॉयल्टी नाही. म्हणून लेखात ‘बिदागी’सुद्धा लिहू नका. बिदागीत देणाऱ्याची खुशी असते, इथे दरपत्रक आहे.

— दराचं पटलं. पण डुप्री साथीलाही असायचा हो! सॅक्सोफोनवाल्या किंग कर्टिसने त्याला साठच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कला नेलं, आपल्या बँडमध्ये ठेवलं. १९६६मध्ये त्याच बँडमध्ये काही काळ दुसरी गिटार पुढे जगभर गाजलेल्या जिमी हेंड्रिक्सची होती. मार्च १९७१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्ट सभागृहात अरेथा फ्रँकलिन गायली, तेव्हा मागे किंग कर्टिसचाच बँड, त्यात डुप्री. त्याच ऑगस्टमध्ये किंग कर्टिसचा खून झाला. तेव्हा बँडमधल्या डुप्रीला साथीदार म्हणा, स्टुडिओतल्याला नको.

— शब्द ठरवण्याआधी ब्रूक बेंटनचं ‘रेनी नाइट इन जॉर्जिया’ (१९७०) ऐका. सुरुवातीची गिटार डुप्रीची. पुढे बेंटन ओळ संपवून श्वास घेतो तेवढ्या फटीत दोन-चार सूर येतात, आणि आवाज परत लागायच्या आत गिटार बाजूला. आपला पेटीवाला गवयाच्या दमाची जागा भरतो ना, अगदी तसं. दर काहीही असो, हे काम साथीचंच आहे.

— मुंबईत सिनेमाच्या रेकॉर्डिंगला गोव्याचे कितीतरी वादक असत. हळदोण्याचा चिक चॉकलेट जॅझ ट्रम्पेटवाला, तो सी. रामचंद्रांकडे ‘अलबेला’ला (१९५१) होता. त्या धंद्यात शब्द एकच, ‘म्युझिशियन’. तिथल्या वादकांच्या संघटनेच्या नावातही तोच. मराठीच हवा असेल तर ‘स्टुडिओ-वादक’ करा, कळतं तरी.

— जाता जाता: ‘रिदम अँड ब्लूज’ कृपा करून तसंच ठेवा. एका जुन्या लेखात ‘ताल आणि विषाद’ वाचलंय, जेवण गेलं नाही. ते नाव म्हणजे बाजाराची पाटी आहे. ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकात कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीला ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणत, १९४९मध्ये तिथल्याच जेरी वेक्सलर या पत्रकाराने सुचवलेलं हे नाव तिथे आलं. पुढे वेक्सलर अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीत भागीदार झाला, आणि डुप्रीची कितीतरी कामं त्याच कंपनीची.

स्टुडिओपुरतं ‘स्टुडिओ-वादक’ घेतो, किंग कर्टिसकडे ‘साथीदार’. आता सत्तरच्या दशकातला डुप्रीचा ‘स्टफ’ बँड उरला. रिचर्ड टी, स्टीव्ह गॅड, सगळे सेशनवालेच, पण बँड स्वतःचा. तिथे काय?

— तिथे सरळ ‘गिटारवादक’. आणि एरिक गेलचं नाव गाळू नका, दुसरी गिटार त्याची.