ऑस्कर बोनावेना: फ्रेझरला दोनदा पाडलेला माणूस फक्त त्याच्या खुनामुळेच का आठवतो?

साउथपॉ_सांगली:
अली विरुद्ध बोनावेना, ७ डिसेंबर १९७०, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. कुणी सलग बघितलीये का ही फाइट? मी आत्तापर्यंत फक्त शेवटचा राउंड बघितला होता, अली तीनदा पाडतो तो. पूर्ण बघितल्यावर कळलं की त्याआधीचे १४ राउंड हा अर्जेंटिनाचा माणूस सपाट पावलांनी, वेड्यावाकड्या अँगलने हात फिरवत पुढेच येत राहतो आणि अलीला त्याचा अंदाजच लागत नाही. मग नाव सर्च केलं तर सगळीकडे पहिली गोष्ट काय, तर नेवाडातल्या वेश्यागृहाबाहेर गोळी घालून मारला. वय ३३. बॉक्सर म्हणून त्याच्याबद्दल कुणी काही सांगेल का प्लीज?

जुना_ग्लोव्ह:
सांगतो. सगळे त्याला रिंगो म्हणायचे, केस बीटल्सच्या रिंगोसारखे वाढवलेले म्हणून. तुम्ही १९६६ ची जो फ्रेझरबरोबरची (पुढे हेवीवेट जगज्जेता झाला तो) फाइट बघाच. फ्रेझर तेव्हा अजिंक्य, समोर येईल त्याला झोपवत चाललेला, आणि बोनावेनाने त्याला दुसऱ्या राउंडमध्ये दोनदा खाली पाडला! न्यूयॉर्कच्या नियमानुसार एका राउंडमध्ये तीनदा पडलं की फाइट संपते, म्हणजे अजून एक बसला असता तर फ्रेझरची सगळी कहाणीच वेगळी झाली असती. फ्रेझर कसाबसा तगला आणि १० राउंडनंतर स्प्लिट डिसिजनवर, म्हणजे निकाल देणाऱ्यांचं एकमत नसताना, जिंकला. दोन वर्षांनी फिलाडेल्फियात, फ्रेझरच्याच गावात, टायटलसाठी परत १५ राउंड, परत पॉइंट्सवर हरला. म्हणजे फ्रेझरसारख्या माणसाचे २५ राउंड अंगावर घेतले आणि एकदाही फाइट थांबवावी लागली नाही. आख्ख्या करिअरमध्ये त्याला वेळेआधी थांबवलं ते एकट्या अलीने, तेही पंधराव्या राउंडमध्ये.

रिंगसाइड_नाशिक:
सगळं मान्य आहे पण थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. टायटल कधीच मिळालं नाही. फ्रेझर, अली, एलिस, पॅटरसन, लाइल, सगळ्यांशी हरला. मोठ्या नावांना घाम काढायला लावायचा आणि शेवटी हरायचा, असे बॉक्सर दर काळात असतात. शिवाय अलीच्या फाइटआधी तो त्याला मुद्दाम क्ले (अलीचं धर्मांतराआधीचं नाव) म्हणत होता, आर्मीत का गेला नाहीस, भित्रा आहेस, असलं बोलत होता. आर्मीत न जाण्याच्या निर्णयापायी अलीने काय काय गमावलं होतं हे माहीत असताना असं बोलणं मला आवडलेलं नाही, आजही नाही.

जुना_ग्लोव्ह:
ते बोलणं वाईटच होतं, त्यावर वाद नाही. पण हरलेल्यांची यादी दिली तर जिंकलेल्यांचीही द्या ना. त्या काळचे नावाजलेले हेवीवेट घ्या: शुवालोला हरवलं. फोलीकडून आधी हरला आणि नंतर त्यालाच हरवलं. मिल्डेनबर्गरला तर जर्मनीत जाऊन त्याच्या प्रेक्षकांसमोर हरवलं. ५८ विजय, ९ पराभव, १ ड्रॉ. आणि अलीच्या फाइटमध्ये नववा राउंड नीट बघा, अलीने आधीच जाहीर केलं होतं की नवव्यात संपवतो, तर त्याच राउंडमध्ये बोनावेनाच्या लेफ्ट हुकने अलीच हादरलाय. असा माणूस नुसता हरण्यासाठी रिंगमध्ये उतरत नाही हो.

रातराणी:
मृत्यूबद्दल लिहिते, कारण त्यावर फार चटकदार लिहिलं जातं आणि त्याचा त्रास होतो. नेवाडातल्या रेनो शहराजवळचं मस्टँग रँच हे कायदेशीर वेश्यागृह होतं, जो कॉन्फोर्टे आणि त्याची बायको सॅली चालवायचे. करिअर उतरणीला लागलेलं, बोनावेना तिकडे गेला आणि सॅली त्याची मॅनेजर झाली. फेब्रुवारी १९७६ मध्ये रेनोतच तो शेवटची फाइट जिंकला. नंतर जोबरोबर बिनसलं, त्याला तिथे यायची बंदी केली गेली. २२ मे १९७६ ला पहाटे तो गेटवर गेला आणि रॉस ब्रायमर नावाच्या कॉन्फोर्टेच्या बॉडीगार्डने रायफलने छातीत गोळी घातली. ब्रायमरने सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला आणि साधारण सव्वा वर्षात बाहेर आला. एका माणसाच्या जिवाची एवढीच शिक्षा, आणि लोकांना मात्र त्यात गंमत वाटते ती सॅलीशी त्याचं काय होतं याची. मला खूप चीड येते याची.

त्याच दिवशी जोहान्सबर्गमध्ये त्याचा मित्र व्हिक्टर गालिंदेस रिची केट्सशी टायटल फाइट खेळत होता. डोकं आपटून भुवईच्या वर फाटलं, रेफरीचा शर्ट रक्ताने भिजला, तरी पंधराव्या राउंडचे शेवटचे काही सेकंद उरले असताना त्याने केट्सला नॉकआउट केलं. अर्जेंटिनाच्या बॉक्सिंगसाठी तो एकच दिवस कसा होता विचार करा.

साउथपॉ_सांगली:
बापरे, गालिंदेसचं माहीतच नव्हतं. तिकडे, म्हणजे ब्युनोस आयर्समध्ये, त्याला आता कुणी विचारतं का?

रातराणी:
विचारतं म्हणजे काय! तो गेला त्याच्या दोनच महिने आधी तिथे लष्कराने सत्ता घेतली होती, शहरात दहशत होती, तरी लूना पार्कमध्ये अंत्यदर्शनाला लाखभराहून जास्त लोक आले. हे तेच स्टेडियम, जिथे १९६५ मध्ये पेराल्ता या बॉक्सरला हरवून तो देशाचा चॅम्पियन झाला होता. पार्के पात्रिसिओस ही त्याची वस्ती, तिथे त्याचा पुतळा आहे, आणि त्याच्या लाडक्या उराकान फुटबॉल क्लबच्या स्टेडियममध्ये एका स्टँडला त्याचं नाव दिलंय. तिथे त्याची ओळख सांगताना कुणी रेनोपासून सुरुवात करत नाही.

रिंगसाइड_नाशिक:
नववा राउंड परत बघितला. जुना_ग्लोव्ह, तुमचं बरोबर आहे, तो हुक खरंच जबरदस्त बसलाय. ६६ ची फ्रेझरची आता पूर्ण बघतो, दुसऱ्या राउंडवर सविस्तर लिहितो इथेच.