मदत हवी आहे: रोड आणि टेकडी दोन्हीला चालेल अशी सायकल
मंडळी, सल्ला द्या. रोज कोथरूडहून ऑफिस, रविवारी खडकवासला मार्गे सिंहगड घाट नाहीतर पानशेत, आणि मधेच वेताळ टेकडीवर मातीत घुसायचं, सगळं एकाच सायकलवर करायचंय, घरात दुसरीला जागा नाही (परवानगीही नाही). बजेट ५० हजार, वापरलेली पण चालेल. स्वस्त सस्पेन्शन फोर्क (पुढच्या चाकाचा शॉक-अप) म्हणजे घाटात फुकटचं वजन, एमटीबीचे (माउंटन बाइकचे) जाड टायर डांबरावर जीव काढतात, म्हणून मन ग्रॅव्हल बाइककडे (रोड बाइकसारखीच, पण मातीतही चालणारी) चाललंय, ४० एमएम टायर बसेल अशी. पण सिंहगडाच्या चढाला पुढे एकच चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चाक) पुरते का दोन हवेतच? मेकॅनिकल डिस्क ब्रेकवर (केबलने ओढले जाणारे) घाट उतरताना हात भरून येतात का? आणि बाभळीच्या काट्यांसाठी ट्यूबलेस केलंय का कुणी, उन्हाळ्यात सीलंट (टायरमधलं भोक बुजवणारं द्रव) किती टिकतं?