पर्थ ते अ‍ॅडलेड, एकट्याने: नलारबोरवरचा दुसरा दिवस फार लांब होतो आहे का?

स्वारगेट ते स्वान

बदलीमुळे जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मला पर्थहून अ‍ॅडलेडला जायचे आहे. गाडी ट्रकवर चढवून स्वतः विमानाने जाणे सोपे आहे हे मान्य. परंतु नॉर्समनपासून पोर्ट ऑगस्टापर्यंतचा, नलारबोरच्या ओसाड मैदानावरून जाणारा सुमारे 1,660 किलोमीटरचा एअर हायवे एकदा तरी स्वतः गाडी चालवत पार करावा, अशी पर्थला आल्यापासूनची इच्छा आहे. सोबत कोणी नाही आणि गाडी साधी सेडान आहे. पहिल्या दिवशी नॉर्समन, दुसऱ्या दिवशी तेथून थेट नलारबोर रोडहाउस (पेट्रोल, जेवण आणि मुक्कामाच्या खोल्या मिळणारा थांबा), म्हणजे सुमारे 900 किलोमीटर, तिसऱ्या दिवशी पोर्ट ऑगस्टा आणि चौथ्या दिवशी दुपारपर्यंत अ‍ॅडलेड, असा बेत आहे. पुणे-नागपूर एका दिवसात करण्याची सवय असल्याने सरळ आणि रिकाम्या रस्त्यावर हे अंतर जड जाऊ नये. घरच्यांना मात्र वाटेत पेट्रोल संपेल याची धास्ती आहे. कॅन भरून घ्यावेत का, आणि फोर-व्हील ड्राइव्हवाचून अडेल का?

कोरडी हवा

हा रस्ता 1976 पासून संपूर्ण डांबरी असल्याने सेडान उत्तम चालेल. पेट्रोलची धास्तीही सोडून द्या. नॉर्समन ते बॅलडोनिया, बॅलडोनिया ते काइगुना आणि बॉर्डर व्हिलेज ते नलारबोर हे सर्वांत लांब टप्पे असून त्यांपैकी एकही 200 किलोमीटरचा नाही. पेट्रोल महाग मिळेल आणि रात्री पंप बंद असू शकतील, इतकेच. पिण्याचे पाणी मात्र पर्थहूनच भरपूर घ्या, कारण हा सगळा चुनखडीचा प्रदेश आहे. जमिनीवर वाहते पाणी नाही आणि बोअरचे पाणी बहुधा खारट असते.

खरी अडचण तुमच्या दुसऱ्या दिवसात आहे. जुलैमध्ये तिकडे दिवस जेमतेम दहा तासांचा असतो, आणि पूर्वेकडे 800-900 किलोमीटर जाणाऱ्याचा तो आणखी अर्ध्या तासाने आखडतो, कारण तुम्ही सूर्यास्ताच्या दिशेला पाठ करून चाललेले असता. त्यात काइगुनापासून बॉर्डर व्हिलेजपर्यंत पर्थच्या पाऊण तास पुढे असलेली वेगळी स्थानिक वेळ पाळली जाते, आणि पुढे साउथ ऑस्ट्रेलियात घड्याळ आणखी पाऊण तास पुढे सरकते. बॉर्डर व्हिलेजच्या अलीकडच्या युक्लाला सूर्य मावळतो तेव्हा तुमच्या पर्थच्या घड्याळात पावणेपाचही झालेले नसतात. म्हणजे 110 च्या वेगमर्यादेत, पेट्रोल आणि जेवणाला थांबत थांबत, तुम्ही शेवटचे 150-200 किलोमीटर नेमके कांगारू आणि वोम्बॅट रस्त्यावर येण्याच्या वेळेला चालवणार. वोम्बॅट बुटका आणि वजनदार असतो, हेडलाइटच्या उजेडात उशिरा दिसतो, आणि सेडान त्याच्यावर आदळली तर रेडिएटर वाचत नाही.

पुणे-नागपूरशी तुलना करू नका. तिथे गावे आणि वळणे तुम्हाला जागे ठेवतात. बॅलडोनिया ते काइगुना या टप्प्यात 146.6 किलोमीटर रस्ता एकदाही वळत नाही, आणि त्या सरळपणाचीच झोप येते.

तीन ट्रेलर

मालवाहतुकीच्या धंद्यात असल्याने थोडी भर घालतो. येथील रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेले ट्रक, 36.5 मीटरपर्यंत लांब असतात. अशी गाडी तुम्हाला ओलांडू लागली, तर एकदम ब्रेक न मारता अ‍ॅक्सिलरेटर किंचित सोडा आणि आपल्या लेनमध्ये स्थिर राहा. हातात धरायचा यूएचएफ रेडिओ (वॉकी-टॉकी) घेऊन चॅनल 40 लावून ठेवावा. खाणीतले अवाढव्य यंत्र लादलेला ट्रक समोरून येत असेल, तर त्याच्या पुढे धावणारी पायलट गाडी त्यावरच सूचना देते आणि तुम्हाला रस्ता सोडून बाजूला उभे राहावे लागते.

मेलेल्या कांगारूवर वेज-टेल्ड गरुड बसलेला दिसला, तर लांबूनच वेग कमी करा. पोट भरलेला गरुड सावकाश उठतो, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने आधी चार पावले धावतो आणि मग पंख पसरतो. तेवढ्या वेळात तुम्ही त्याच्यापाशी पोहोचलात, तर तो सरळ विंडस्क्रीनवर येतो.

हळदीचं दूध

मोबाइलची रेंज रोडहाउसच्या आसपासच मिळते, तेही बहुतेक ठिकाणी टेल्स्ट्रा कंपनीचीच. एकटे असाल तर उपग्रहामार्फत संकटाचा इशारा पाठवणारा पर्सनल लोकेटर बीकन जवळ असावाच. वाटेत काही ठिकाणी रस्ता अचानक रुंद होतो आणि त्यावर आडवे पांढरे पट्टे रंगवलेले दिसतात. ती रॉयल फ्लाइंग डॉक्टर सेवेच्या विमानांसाठीची धावपट्टी असते. तिथे गाडी उभी करून फोटो काढत बसू नये.

जुलैमध्ये जात आहात, तर नलारबोर रोडहाउसच्या थोडे पूर्वेला असलेले हेड ऑफ बाइट हे किनाऱ्यावरचे ठिकाण चुकवू नका. सदर्न राइट जातीच्या देवमाशांच्या माद्या पिल्लांसह किनाऱ्याच्या इतक्या जवळ येतात, की वरच्या लाकडी मार्गावरून दुर्बिणीवाचूनही दिसतात. तुमच्या मूळ बेतात यासाठी एक तासही नव्हता, याचे नवल वाटले. समुद्राकाठच्या बंडा कड्यांवर मात्र अगदी टोकाला जाऊ नका. चुनखडीची कड खालून पोखरलेली असते.

शिधा नेताना एक ध्यानात असू द्या: पूर्वेकडे जाताना सेडूनाला क्वारंटाइन तपासणी होते आणि फळमाशीच्या भीतीने ताजी फळे व भाज्या काढून घेतल्या जातात. म्हणून टोमॅटो, मिरच्या त्याआधीच संपवाव्यात. रोडहाउसमध्ये शाकाहारी माणसाला बटाट्याच्या चिप्स आणि चीज टोस्ट याहून फारसे काही मिळत नाही, तेव्हा धपाटे आणि चटणी सोबत ठेवाच.

स्वारगेट ते स्वान

सर्वांचे आभार. दुसरा मुक्काम आता मदुराला, तिसरा नलारबोर रोडहाउसला आणि चौथा सेडूनाला ठेवतो. म्हणजे नॉर्समन ते मदुरा सुमारे 530 किलोमीटर होतील आणि देवमाशांसाठी चौथ्या दिवशीची सकाळ मोकळी राहील. सेडूनाहून अ‍ॅडलेड सुमारे 780 किलोमीटर आहे, ते एका दिवसात जमेल का?

कोरडी हवा

पहाटे अंधारात न निघता उजाडल्यावर निघालात, तर नाही. पोर्ट ऑगस्टाला मुक्काम करा. मदुरा आणि नलारबोरच्या खोल्या आजच फोन करून राखून ठेवा, कारण तिथे खोल्या मोजक्याच आहेत आणि खोली न मिळाल्यास पुढचे रोडहाउस गाठायला पुन्हा अंधारात निघावे लागेल.