मदत हवी आहे : हर्पीसचं निदान झालंय, रिपोर्टमधले आकडे कळत नाहीत

अबोली_३१ :

हा आयडी फक्त या धाग्यासाठी उघडलाय. एरवी मी इथे बागकामावर लिहिते, पण त्या नावाने हे लिहायचा धीर झाला नाही. कुणी ओळखलंच, तर कृपया तसं दाखवू नका.

वय ३१, राहणार पुणे, लग्नाला चार वर्षं झाली. मूल नाही, यंदा मनावर घेऊ असं दोघांनी ठरवलं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी एका शुक्रवारी अंग मोडून आलं, रात्री ताप चढला आणि डाव्या जांघेत अवधाण आलं. रविवारी लघवीला आग सुरू झाली. घराजवळच्या डॉक्टरांनी लघवीचं इन्फेक्शन म्हणून गोळ्या दिल्या. सोमवारी अंघोळ करताना हाताला काहीतरी लागलं म्हणून आरसा धरून पाहिलं. साबुदाण्याहून बारीक, पाण्याने भरलेले सात-आठ फोड, एकमेकांना चिकटून आलेले. बुधवारपर्यंत ते फुटून तिथे उथळ जखमा झाल्या. लघवीला बसलं की डोळ्यांत पाणी यायचं. त्या धास्तीने मी पाणी पिणंच कमी केलं आणि आग आणखी वाढली.

बुधवारी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी पाहिलं आणि लगेच म्हणाल्या, "हे हर्पीस आहे. नवऱ्याला विचारा." दार अर्धं उघडं होतं, बाहेर बाकावर चार बायका बसल्या होत्या. चपला घालताना मी मान वर केली नाही. असायक्लोव्हिर ४००, दिवसातून तीनदा, दहा दिवस, आणि रक्ताची तपासणी, एवढं चिठ्ठीवर लिहून मिळालं. विचारायचं खूप होतं, पण तोंडून शब्द फुटेना.

जखमा आता भरल्यात. रिपोर्ट मात्र रोज रात्री उघडून बघते. त्यात असं आहे (एचएसव्ही म्हणजे हर्पीसचा विषाणू) :

एचएसव्ही १ व २ आयजीएम (एकत्र) : पॉझिटिव्ह
एचएसव्ही १ आयजीजी : ०.३१, निगेटिव्ह
एचएसव्ही २ आयजीजी : १.४२, पॉझिटिव्ह

खाली बारीक अक्षरात लिहिलंय की १.१ च्या वर पॉझिटिव्ह. मी वाचलं होतं की २ नंबरचा हर्पीस शरीरसंबंधातूनच येतो. माझ्या आयुष्यात नवऱ्याखेरीज कुणी नाही. तो शपथेवर सांगतो की त्याच्याही नाही. पहिल्या रात्री मी त्याच्यावर ओरडले. दुसऱ्या रात्री त्याने मला विचारलं, "आणि तू?" तेव्हापासून तो हॉलमध्ये झोपतो. डबा मात्र दोघांचा तोच भरतो, माझ्या पिशवीत ठेवतो, आणि बोलत नाही.

सासूबाईंनी चिठ्ठीवर हर्पीस वाचलं आणि त्यांना वाटलं नागीण झाली. कमरेला झालीय का, वेढा पुरा होऊ देऊ नकोस, गावाकडे उतरवणारे एक आजोबा आहेत, असं रोज चाललंय. मी हो म्हणून टाकलं. खोटं बोलल्याचं वाईट वाटतं, पण खरं कसं सांगू?

मला कळून घ्यायचंय की हा १.४२ म्हणजे नेमकं काय. हे कधी झालं आणि कुणाकडून आलं, ते या कागदावरून कळतं का? आणि मूल होऊ देता येईल का? उत्तर कडू असलं तरी चालेल, पण खरं सांगा.

वाटसरू_७ :

ताई, स्पष्ट बोलतो. दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय. नवऱ्याचा फोन तपासा.

कोयनाकाठ :

वरचा प्रतिसाद कृपया मनावर घेऊ नका. मी त्वचा आणि गुप्तरोग विभागात काम करतो. तपासल्याशिवाय निदान करणार नाही, पण तुमचा रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगू शकतो.

आयजीएम आणि आयजीजी म्हणजे विषाणूविरुद्ध शरीर रक्तात तयार करतं त्या प्रतिपिंडांचे दोन प्रकार. त्यातली आयजीएमची ओळ आधी खोडून टाका. आयजीएम पॉझिटिव्ह म्हणजे नवा संसर्ग, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं, आणि हर्पीसच्या बाबतीत ते चुकीचं आहे. जुना विषाणू परत डोकं वर काढतो तेव्हाही आयजीएम पॉझिटिव्ह येऊ शकते. तुमच्या रिपोर्टमध्ये तर १ आणि २ एकत्र मोजलेत, म्हणजे प्रकारही कळत नाही. ही तपासणी करू नये असंच मार्गदर्शक सूचना सांगतात, तरी पॅकेजमध्ये ती घातलेली असते.

आता १.४२. एलायझा पद्धतीच्या या चाचणीत १.१ ते ३ मधला आकडा काठावरचा समजतात. या पट्ट्यातले बरेच पॉझिटिव्ह पुन्हा वेगळ्या पद्धतीने तपासले की खोटे निघतात. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने २०२१ च्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलंय की कमी आकड्याचा पॉझिटिव्ह दुसऱ्या चाचणीने पक्का केल्याशिवाय धरू नये. म्हणून १.४२ वरून "२ नंबर आहे" असं मी म्हणणार नाही, आणि "नाही" असंही नाही.

मला महत्त्वाची वाटते ती मधली ओळ, ०.३१. रक्त आजाराच्या सहाव्या दिवशी दिलंत ना? आयजीजी तयार व्हायला आठवडे लागतात, कित्येकांना १२ आठवडे. म्हणजे १ नंबरचा विषाणू नुकताच शिरला असेल, तर सहाव्या दिवशी तो निगेटिव्हच दिसणार. ताप, अवधाण, झुपक्याने आलेल्या जखमा हे सगळं शरीराने हा विषाणू पहिल्यांदाच पाहिल्यासारखं वाटतं.

खरं उत्तर फोडांच्या पाण्यात होतं. नवा फोड असताना, शक्यतो पहिल्या ४८ तासांत, त्यावरून कापसाची काडी फिरवून (यालाच स्वॅब म्हणतात) पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी, केली की विषाणू आहे का आणि १ की २, दोन्ही कळतं. ती वेळ आता गेली. पुन्हा कधी मुंग्या येऊन फोड आले, तर गोळी सुरू करण्याआधी स्वॅब द्या.

आणि एक विचारतो. नवऱ्याच्या ओठाला कधी फोड येतात का? ताप येऊन गेल्यावर, उन्हातून आल्यावर, जागरण झालं की, ओठाच्या कडेला?

अबोली_३१ :

येतात. लहानपणापासून. सासूबाई त्यावर तूप लावतात. तुम्ही विचारल्यावर आठवलं, हे सगळं व्हायच्या आदल्या आठवड्यात तो महाबळेश्वरला ट्रेकला गेला होता आणि परत आला तेव्हा वरच्या ओठाला खपली होती. त्याचा याच्याशी काय संबंध?

कोयनाकाठ :

तोच १ नंबरचा हर्पीस असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अंदाजानुसार ५० वर्षांखालच्या सुमारे ३८० कोटी लोकांमध्ये एचएसव्ही १ आहे, म्हणजे दर तिघांतले जवळजवळ दोघे. बहुतेकांना तो लहानपणीच, घरातल्या कुणीतरी मुका घेताना मिळतो. ओठाला फोड असताना मुखमैथुन झालं, तर तो खाली येतो. लक्षणं साधारण २ ते १२ दिवसांत दिसतात. तुमच्या तारखा त्यात बसतात. यात कुणी कुणाला फसवलेलं असण्याची गरज नाही.

उलट, रक्तात २ नंबर खरोखर निघाला असता, तरी तो आत्ताच आला असं ठरत नाही. हा विषाणू कमरेखालच्या मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत वर्षानुवर्षं गप्प राहतो आणि बहुतेकांना आपल्याला तो आहे हेच माहीत नसतं. कागदावर तारीखही नसते आणि नावही नसतं.

आता पुढचं. साधारण १२ ते १४ आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये, फक्त आयजीजी, दोन्ही प्रकारांची वेगवेगळी करा. सोबत एचआयव्ही आणि व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी) दोघांचीही करून घ्या. यात संशय नाही, पण जननेंद्रियावर जखम झाली की या तपासण्या करायच्याच असतात. खासगीत लाज वाटत असेल तर जिल्हा रुग्णालयात आणि मेडिकल कॉलेजमध्ये गुप्तरोगांसाठीचं सरकारी सुरक्षा क्लिनिक असतं. तिथे समुपदेशक बंद दाराआड बोलतात, औषध मोफत मिळतं. १०९७ या हेल्पलाइनवर नाव न सांगता विचारता येतं.

सासूबाईंची नागीण वेगळी. ती कांजिण्यांच्या विषाणूची, हर्पीस झोस्टर. नाव सारखं असल्याने घोळ होतो. वेढा पुरा झाला की माणूस जातो, हेही खरं नाही. त्यांना फक्त एवढं सांगा की नागीण नाही, त्वचेचा दुसरा आजार होता, औषधाने बरा झाला. त्यात काहीच खोटं नाही.

सुईदोरा :

अबोली, मी हे नऊ वर्षं जगतेय. माझा २ नंबर आहे, स्वॅबने पक्का झालेला. तू लिहिलेलं चपला घालतानाचं वाक्य वाचून मी फोन बाजूला ठेवला. मीही तशीच बाहेर पडले होते.

कुणी सांगत नाही त्या दोन-तीन गोष्टी सांगते. लघवीला आग होत असेल तर बसताना मगाने कोमट पाणी वरून सोडत राहायचं, किंवा टबात बसून करायची. पाणी भरपूर प्यायचं, पातळ लघवी कमी झोंबते. सैल सुती कपडे. जखमेला हात लागला तर साबणाने धुवायचा, डोळ्याला लावायचा नाही. टॉवेल वेगळा ठेव मनाच्या समाधानासाठी हवा तर, पण संडासाच्या सीटवरून किंवा कपड्यांवरून हे पसरत नाही. मी पहिले सहा महिने माझी भांडीसुद्धा वेगळी ठेवली होती, आता आठवलं की त्या मुलीला जवळ घ्यावंसं वाटतं.

पहिल्या वर्षी मला पाच वेळा आलं. मग तीन, मग एक. गेली दोन वर्षं काही नाही. पहिल्याइतका त्रास पुन्हा कधीच झाला नाही. येण्याआधी मांडीच्या आतल्या बाजूला मुंग्या येतात, तेव्हाच गोळी सुरू केली की चार दिवसांत संपतं. तुझा १ नंबर निघाला तर खाली तो याहूनही क्वचित परततो, कित्येकांना पहिल्या वर्षात एकदाही नाही. लग्न ठरताना मी नवऱ्याला आधी सांगितलं. तो दोन दिवस गप्प होता, तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे सोबत आला. रोज एक व्हॅलासायक्लोव्हिर, फोड असताना दूर राहणं आणि एरवी निरोध, एवढं पाळलं. या गोळीने जोडीदाराला लागण्याचा धोका साधारण निम्म्यावर येतो, पूर्ण जात नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्याला आजवर लागण झालेली नाही.

मुलाबद्दल : मला मुलगी आहे, चार वर्षांची. बाळाला खरा धोका असतो तो आईला शेवटच्या तिमाहीत पहिल्यांदाच लागण झाली तर. आधीपासून असलेल्या बाईच्या अंगात बाळासाठी लढणारे घटक तयार असतात. मला ३६ व्या आठवड्यापासून गोळ्या दिल्या, कळा सुरू झाल्यावर नीट तपासलं, एकही फोड नव्हता, नैसर्गिक बाळंतपण झालं. फोड असते तर सिझेरियन केलं असतं. पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांग, लपवू नकोस.

नवरा डबा भरतोय ना? मग कोयनाकाठ यांचा प्रतिसाद त्याला वाचायला दे. तू समजावत बसू नकोस, नुसता फोन त्याच्या हातात दे.

अबोली_३१ :

दिला. जेवण झाल्यावर त्याने तो दोनदा वाचला. मग आरशासमोर जाऊन ओठ ओढून कितीतरी वेळ बघत उभा होता. म्हणाला, "म्हणजे मी दिलं तुला." मी म्हटलं, तुला तरी कुठे माहीत होतं. त्याला रडू आवरेना. मला त्याच्यावर ओरडल्याचं फार लागलंय. दोघांनीही एकमेकांची माफी मागितली. एवढंच आज.

अबोली_३१ (साडेतीन महिन्यांनंतर) :

धागा वर काढतेय, कारण मी स्वतः असे अर्धवट सुटलेले धागे वाचून रात्री काढल्या आहेत.

१४ आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये : एचएसव्ही १ आयजीजी ६.८, पॉझिटिव्ह. एचएसव्ही २ आयजीजी ०.६४, निगेटिव्ह. नवऱ्याचा १ पॉझिटिव्ह, २ निगेटिव्ह. एचआयव्ही आणि व्हीडीआरएल दोघांचंही निगेटिव्ह.

आता ज्या डॉक्टर गाठल्या आहेत त्या म्हणाल्या की स्वॅब नसल्याने शंभर टक्के म्हणता येणार नाही, पण ०.३१ चा ६.८ होणं म्हणजे तेव्हा १ नंबर नव्याने आला होता, आणि १.४२ खोटा पॉझिटिव्ह होता असं मानायला हरकत नाही. त्यांनी बोलायच्या आधी उठून दार लावलं. नवरा आत माझ्या शेजारी बसला होता.

पुन्हा फोड आलेले नाहीत. आले तर आधी स्वॅब, मग गोळी, असं चिठ्ठीवरच लिहून घेतलंय. नवऱ्याच्या ओठाला परवा पुन्हा मुंग्या आल्या. त्याने स्वतःहून सांगितलं आणि बहिणीच्या बाळाच्या बारशाला गेला तेव्हा बाळाला लांबूनच पाहिलं, मुका घेतला नाही. बहिणीला वाटलं मामा रुसलाय. तिला कारण त्याने तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं : "ओठाला हर्पीस येतोय, बाळाला नको."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "तेच का ते, तुझ्या चिठ्ठीवरचं?" मी हो म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत, घरी आल्यावर तुपाची वाटी मात्र आणून ठेवली. त्याचा काही उपयोग नसतो हे त्यांना कसं सांगायचं, तेवढं कुणीतरी सुचवा.