वडिलांच्या निधनानंतर आईचा मेडिकेअरचा हप्ता : एसएसए-४४ भरावा का?

घोडबंदरकर (ठाणे) :
नमस्कार. माझी आई अमेरिकन नागरिक असून न्यू जर्सीतील एडिसन येथे राहते. थंडीचे महिने ती ठाण्यात माझ्याकडे असते. वडिलांचे ऑक्टोबर २०२४ मध्ये निधन झाले. २०२६ साठी तिला मेडिकेअरच्या, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, पार्ट बीचा दरमहा २८४.१० डॉलर हप्ता लागू झाला असून औषधांच्या पार्ट डीवर १४.५० डॉलरचा अधिभार आहे. मूळ हप्ता २०२.९० डॉलर असल्याचे मैत्रिणींकडून कळल्यापासून ती अस्वस्थ आहे. पत्रानुसार ही आकारणी २०२४ च्या संयुक्त विवरणपत्रावरून झाली असून त्यात दोघांचे उत्पन्न २ लाख ३१ हजार डॉलर होते. आता दोघांच्या सोशल सिक्युरिटींपैकी (सरकारी निवृत्तिवेतनांपैकी) मोठी तेवढीच उरली आहे, बाबांचे पेन्शन निम्म्यावर आले आहे आणि तिचे एकटीचे २०२५ चे उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आसपास भरेल. जोडीदाराचा मृत्यू हे कारण दाखवून एसएसए-४४ फॉर्म भरल्यास हप्ता कमी होतो, असे एका नातेवाइकांनी सांगितले. मार्चमध्ये ती परत जाईल, त्याआधी कागद तयार ठेवावेत का?

नेरूळवासी :
आपल्या वडिलांच्या निधनाबद्दल वाईट वाटले. नातेवाइकांनी सांगितले ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे लक्षात न घेता फॉर्म भरण्यात काहीच हाशील नाही.

हा अधिभार, ज्याला तिकडे सगळे ‘इर्मा’ म्हणतात, दोन वर्षांपूर्वीच्या विवरणपत्रातील उत्पन्नावर ठरतो. त्यात एकूण समायोजित उत्पन्नाखेरीज करमुक्त रोख्यांचे व्याजही मिळवले जाते. जोडीदाराचा मृत्यू, घटस्फोट, नोकरी सुटणे, पेन्शन बंद पडणे अशा मोजक्या घटनांमुळे उत्पन्न घटले असेल, तरच सोशल सिक्युरिटी कार्यालय त्यानंतरच्या वर्षाचा आकडा धरते. मात्र तो आकडा धरताना त्या वर्षाचा विवरणपत्राचा प्रकारही धरला जातो, आणि खरी मेख इथेच आहे. मृत्यूच्या वर्षाचे विवरणपत्र संयुक्त भरता येते. पुढच्या वर्षापासून, घरात अवलंबून असलेले मूल नसेल तर, ते एकट्याचे होते.

२०२६ चे टप्पे पाहा. जोडप्याला २ लाख १८ हजारांपर्यंत मूळ हप्ता आहे, तर एकट्या व्यक्तीला १ लाख ९ हजारांपर्यंतच. त्यापुढे जोडप्याला २ लाख ७४ हजारांपर्यंत आणि एकट्याला १ लाख ३७ हजारांपर्यंत २८४.१० डॉलर. आईंचे १ लाख ६० हजार एकट्याच्या तक्त्यात त्याहीपुढच्या टप्प्यात, म्हणजे १ लाख ७१ हजारांपर्यंतच्या ४०५.८० डॉलरमध्ये बसतात. उत्पन्न ७१ हजारांनी घटूनही हप्ता वाढतो. सर्वांत वरचा टप्पा सोडला तर एकट्याची प्रत्येक मर्यादा जोडप्याच्या बरोबर निम्मी आहे, त्यामुळे उत्पन्न निम्म्याहून अधिक घटल्याशिवाय या फॉर्मचा सहसा उपयोग होत नाही. घरातले एक माणूस जाते तेव्हा घरपट्टी, विमा आणि आयआरए या निवृत्तीच्या बचत खात्यातून दरवर्षी काढावी लागणारी सक्तीची रक्कम काही निम्मी होत नाही, हे कायदा करणाऱ्यांच्या लक्षात आले नसावे असे म्हणावेसे वाटते.

तेव्हा २०२६ चा हप्ता आहे तसा भरू द्यावा. तो आईंना लाभदायकच आहे.

खारघरची काकू :
माझा अनुभव वेगळा आहे, म्हणून लिहिते. आमचे हे शेवटपर्यंत नोकरीत होते आणि घरातले बहुतेक उत्पन्न त्यांच्या पगाराचे होते. ते गेल्यावर माझे उत्पन्न निम्म्याच्याही बरेच खाली आले. मी फॉर्मसोबत मृत्यूचा दाखला आणि त्या वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज जोडला, तो मान्य झाला आणि जादा भरलेली रक्कमही परत मिळाली. नेरूळवासी म्हणतात तो हिशेब आधी कागदावर करावा. त्यात बसत असेल तर मात्र अजिबात संकोच करू नये.

घोडबंदरकर (ठाणे) :
दोघांचेही मनापासून आभार. म्हणजे २०२७ मध्ये, २०२५ चे विवरणपत्र विचारात घेतले गेल्यावर, हप्ता वाढणारच असे समजावे का? आणखी एक गोष्ट : एडिसनचे घर पुढच्या वर्षी विकावे असे आमच्या मनात आहे.

नेरूळवासी :
होय, टप्पे दरवर्षी महागाईनुसार थोडे सरकतात, पण आईंचे उत्पन्न मर्यादेच्या फार पुढे असल्याने २०२७ मध्ये वाढ जवळपास निश्चित समजावी. २०२५ संपले आहे, त्यामुळे आता हाती आहे ते २०२६ चे उत्पन्न, ज्यावर २०२८ चा हप्ता ठरेल.

घराबाबत मात्र पुढच्या वर्षापर्यंत थांबू नका. राहते घर विकल्यावर एकट्या व्यक्तीला अडीच लाख डॉलरपर्यंतचा नफा करमुक्त असतो; पण जोडीदाराच्या मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत विक्री झाली, पुनर्विवाह झालेला नसला आणि मालकी व राहण्याच्या अटी पूर्ण होत असल्या, तर ही सूट पाच लाखांपर्यंत मिळते. आपल्या बाबतीत ती मुदत ऑक्टोबर २०२६ मध्ये संपते. शिवाय घर दोघांच्या नावे असेल तर वडिलांच्या निम्म्या हिश्शाची खरेदी किंमत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने धरली जाते. सुटीच्या वर जो नफा उरेल तो उत्पन्नात मिळतो आणि इर्माही वाढवतो, आणि स्वतःहून घर विकणे ही एसएसए-४४ मध्ये बसणारी घटना नाही. आयआरएमधून रॉथ या दुसऱ्या प्रकारच्या निवृत्ती खात्यात रक्कम वळवण्याचेही तेच, तीही उत्पन्नात मिळते. तो बेत असेल तर आकडा तपासूनच करावा.

आई दानधर्म करत असतील तर आयआरएमधून थेट तिथल्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला रक्कम देता येते. साडेसत्तर वर्षे पूर्ण झाल्यावर दिलेली अशी रक्कम ठरावीक मर्यादेपर्यंत उत्पन्नात धरली जात नाही आणि सक्तीच्या रकमेतूनही वजा होते. ठाण्यातल्या देवस्थानाला किंवा संस्थेला दिलेल्या देणगीला हे लागू नाही.

पाचपाखाडी :
एक भर घालतो. आईंच्या नावे इथल्या बँकेत एनआरई (अनिवासी भारतीयांच्या खात्यातील) ठेवी असतील तर त्यांचे व्याज भारतात करमुक्त असले तरी अमेरिकन नागरिकाला ते तिथल्या विवरणपत्रात दाखवावेच लागते, आणि म्हणून ते इर्माच्या हिशेबातही येते. पीपीएफच्या व्याजाचेही तसेच समजावे. वडिलांच्या ठेवी आता आईंच्या नावे झाल्या असतील तर १ लाख ६० हजारांच्या अंदाजात हे व्याज धरले आहे का, ते पाहा. एखाद्या टप्प्याच्या काठावर असलेल्या माणसाला एक डॉलरही वरच्या हप्त्यात ढकलतो.

वडिलांचे निधन ठाण्यात झाले असेल आणि तेही अमेरिकन नागरिक असतील, तर महापालिकेच्या दाखल्याखेरीज वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकन वाणिज्य दूतावासाकडून मिळणारा परदेशातील मृत्यूचा अहवालही जपून ठेवा. घर विकताना आणि आयआरए आईंच्या नावे करताना तिकडे तोच सहज चालतो.