डायना एडुल्जी: 17 वर्षांत 20च कसोटी कशा?

पॉइंटवाली
क्लबच्या मुलींसाठी जुन्या खेळाडूंचे तक्ते करतेय, पहिला भारताच्या महिला संघातल्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाज डायना एडुल्जींचा. आकडे मिळाले: 20 कसोटींत 63 बळी, 34 वनडेत 46. पण पदार्पण 1976 चं आणि निवृत्ती 1993 ची. एवढ्या वर्षांत वीसच कसोटी? मध्ये दुखापत होती की संघाबाहेर होत्या? आणि आजच्या गोलंदाजांशी तुलना करायची तर कशी? तक्त्यावर चुकीचं काही जायला नको.

स्कोअरबुक
दुखापत नाही आणि वगळणंही नाही. सामनेच होत नव्हते. 1976 च्या अखेरीस वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला, सहा कसोटी झाल्या. त्यातली पाटण्याची आपण जिंकली, महिला संघाचा तो पहिला कसोटी विजय. जानेवारी 1977 मध्ये न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात एकेक कसोटी झाली, आणि मग थेट 1984! एडुल्जींचा जन्म 26 जानेवारी 1956 चा, म्हणजे एकविशी ते अठ्ठाविशी ही फिरकी गोलंदाजाची ऐन उमेदीची सात वर्षं एकाही कसोटीविना गेली. पुढे 1984 ला ऑस्ट्रेलिया, 1985 ला न्यूझीलंड, 1986 ला इंग्लंड. परत पाच वर्षं काही नाही, आणि 1991 चा ऑस्ट्रेलिया दौरा. तक्त्यावर नुसतं '1976 ते 1993' लिहू नका. वर्षांची आडवी पट्टी काढा आणि कसोटी झालेली वर्षंच रंगवा. मुलींना एका नजरेत कळेल.

अजून एक. 1984 ते 86 मधल्या तिन्ही मालिका 0-0 सुटल्या, सगळ्याच्या सगळ्या कसोटी अनिर्णित. दुसरा डाव अर्धवट राहिला की गोलंदाजाच्या हक्काचे शेपटाचे, म्हणजे तळाच्या फलंदाजांचे, बळी हातचे जातात. त्यामुळे '63' च्या शेजारी हे लिहिलंच पाहिजे.

डावखुरा
तुलना करायचीच तर बळींची नको, चेंडूंची करा. कसोटीत त्यांनी पाच हजारांवर चेंडू टाकलेत, म्हणजे दर कसोटीला चाळीसहून जास्त षटकं. सरासरी 25.77, आणि षटकामागे दोन धावाही नाहीत. एका बळीला साधारण 81 चेंडू लागले, हे बघून कोणी 'मंद' म्हणेल, पण समोरची फलंदाज सामना वाचवायलाच उभी असेल तर बळी महाग पडतोच. डावखुऱ्या फिरकीने एक टोक दिवसभर बांधून ठेवायचं आणि दुसरीकडून बळी काढायचे, ही आपल्या संघाची रीत होती. या कामाचं मोल बळींच्या रकान्यात दिसत नाही.

वनडेत वेगळी गफलत होते. 1982 आणि 1993 चे विश्वचषक 60 षटकांचे होते, एका गोलंदाजाला 12 षटकं मिळायची. म्हणून 'सामन्यामागे बळी' आजच्या 10 षटकांशी ताडू नका. षटकामागच्या धावा चालतील.

पुणेकरीण
तक्त्यात शुभांगी कुलकर्णींचं नाव हवंच. आमच्या पुण्याच्या लेगस्पिनर, 19 कसोटींत 60 बळी. दोघींचं पदार्पण 1976 च्या त्याच बंगळूर कसोटीत. भारताच्या महिला कसोटी बळींच्या यादीत आजही या दोघी वर आहेत, ते मुलींना जरूर सांगा. मात्र 63 ला 'विश्वविक्रम' म्हणू नका. इंग्लंडच्या मेरी डगनचे 77 आणि ऑस्ट्रेलियाच्या बेटी विल्सनचे 68 आहेत.

कर्णधारपदाची चूक हमखास होते. 1978 आणि 1993 च्या विश्वचषकात कर्णधार एडुल्जी होत्या, 1982 ला शांता रंगास्वामी. 1988 चा विश्वचषक भारत खेळलाच नाही, तिथे 'निवड झाली नाही' असं काही लिहू नका.

स्कोअरबुक
आणि रेल्वे विसरू नका. स्वतः रेल्वेत असताना त्यांनी महिला क्रिकेटपटूंना तिथे नोकऱ्या मिळाव्यात म्हणून पाठपुरावा केला. सामन्यांचं मानधन जवळजवळ नसल्याच्या त्या काळात महिन्याचा पगार होता म्हणून कित्येकजणी खेळत राहिल्या. देशांतर्गत स्पर्धांत रेल्वेचा संघ वर्षानुवर्षं का जिंकतो, याचं मोठं कारण हेच. पुरस्कारांना एक ओळ पुरे: अर्जुन 1983, पद्मश्री 2002, आयसीसी हॉल ऑफ फेम 2023 (पहिली भारतीय महिला). उरलेली जागा रेल्वेला द्या.