समोरच बघत होतो, तरी ब्रेक उशिरा का लागला?

क्लचप्लेट

तेवीस वर्षं गाडी चालवतोय. एकदा पार्किंगमध्ये खांबाला घासली, तेवढं सोडलं तर अंगावर ओरखडा नाही. सात महिन्यांपूर्वी नवीन गाडी घेतली. तिच्यात पुढच्या गाडीशी अंतर राखणारं क्रूझ आहे आणि लेनच्या मधोमध धरून ठेवायची सोयही आहे. पहिले पंधरा दिवस मी तिच्यावर पाळत ठेवून होतो, शिकाऊ ड्रायव्हरच्या शेजारी बसावं तसा. मग विश्वास बसला.

गेल्या रविवारची गोष्ट. भर दुपार, हायवे, रस्ता कोरडा. पुढे एक उंच व्हॅन ताशी नव्वदनं चालली होती आणि तिच्या मागे माझी गाडी, चाळीसेक मिनिटं अगदी शहाण्यासारखी. व्हॅन अचानक शेजारच्या लेनमध्ये गेली. तिच्या पुढे एक ट्रक उभा. बंद पडलेला. आता गाडीनं ब्रेक लावायला हवा ना? तिनं उलट वेग वाढवला. इंजिनचा आवाज चढलेला मी कानांनी ऐकला.

खरा प्रश्न पुढेच आहे. मी ट्रककडे बघत होतो. हातात फोन नव्हता, डोळ्यांवर झापड नव्हती, दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. ट्रकचा एक रिफ्लेक्टर अर्धा तुटलेला होता, हेसुद्धा आठवतंय. आणि पाय जागचा हलला नाही. बायको ओरडली तेव्हा हलला. गाडी थांबली तेव्हा मधे एक माणूस आडवा झोपेल एवढीच जागा उरली होती.

सर्व्हिस सेंटरनं गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि "दोष आढळला नाही" असं लिहून परत दिली. मग दोष माझ्यात आहे का? वय बावन्न. डोळे तपासून आलो, चष्म्याचा नंबरही बदललेला नाही. या विषयातलं कुणी असेल तर सांगा.

अर्धाकप

मॅन्युअल वाचलंत का? उभ्या असलेल्या वाहनांना ही सिस्टीम प्रतिसाद देईलच असं नाही, हे जवळजवळ प्रत्येक कंपनी लिहून ठेवते. लोक लाखो रुपये मोजतात आणि फुकट मिळालेलं पुस्तक उघडत नाहीत.

क्लचप्लेट

आत्ता उघडलं. आहे खरं, चौकटीत, उद्गारचिन्हासकट. पण मॅन्युअल वाचलं असतं तर पाय लवकर हलला असता का, ते सांगा.

काचेपलीकडे

नसता हलला. सविस्तर लिहिते, कारण माझी रोजी-रोटी याच्यावरच चालते. मी ड्रायव्हिंग सिम्युलेटरच्या प्रयोगशाळेत काम करते. लोक आत बसून गाडी चालवतात आणि मी काचेपलीकडून त्यांचे डोळे आणि पाय बघते.

आधी गाडीचं. तुमच्या क्रूझचा सेट केलेला वेग किती होता? शंभराच्या वरच असणार. व्हॅन पुढे होती तोवर गाडी तिच्या नव्वदला बांधलेली होती. व्हॅन बाजूला झाली, समोरचं लक्ष्य गेलं, म्हणून गाडी तुम्हीच सांगितलेला वेग गाठायला निघाली. तिच्या हिशेबी हे बरोबरच. ट्रक का दिसला नाही? रडारवर चालणाऱ्या बऱ्याच यंत्रणांना हलणाऱ्या वस्तू छान कळतात, पण उभ्या वस्तूंचा गोंधळ होतो. रस्त्यावरच्या पाट्या, कठडे, वरून जाणारे पूल, सगळे उभेच असतात आणि सगळ्यांवरून लहरी परत येतात. प्रत्येकासाठी ब्रेक लावला तर गाडी उचकी लागल्यासारखी चालेल. म्हणून जी वस्तू आधी हलताना दिसलीच नाही, तिच्यावर ही यंत्रणा फारसा भरवसा ठेवत नाही. तुमचा ट्रक व्हॅनच्या आडून एकदम उभाच प्रकटला. सर्व्हिस सेंटर खोटं बोललेलं नाही.

आता तुमचं. तुमच्यासोबत जे घडलं तेच मुद्दाम घडवून पाहिलेला एक प्रयोग आहे. ट्रेंट व्हिक्टर आणि व्होल्वोमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये तो प्रसिद्ध केला. बंदिस्त चाचणी-ट्रॅकवर ७६ चालक, खरी गाडी, अर्धा तास जवळजवळ निर्दोष चालणारी स्वयंचलित यंत्रणा. शेवटी पुढची गाडी बाजूला सरकते आणि तिच्यामागून रस्त्यातली अडचण समोर येते. काहींना कचऱ्याची पिशवी, काहींना उभी गाडी. यंत्रणा काहीच करत नाही. ७६ पैकी २१ जण जाऊन धडकले. आणि धडकताना त्यांची नजर त्या वस्तूवरच होती.

अर्धाकप, हे खास तुमच्यासाठी: यंत्रणेच्या मर्यादा आणि लक्ष ठेवायची जबाबदारी चालकांना स्पष्ट सांगितलेली होती. नजर भरकटली की गाडी आठवणही करून द्यायची. त्या आठवणीनं डोळे रस्त्यावर राहिले, हात स्टिअरिंगवर राहिले. धडक टळली नाही.

आमच्याकडे असं कुणी धडकलं की नंतर मी एकच प्रश्न विचारते: "वस्तू दिसली होती का?" दिसलेली असते. पुढे बहुतेकजण थोडे ओशाळून सांगतात, "वाटलं, आता लावेल, आता लावेल." 'दिसलं' आणि 'हे मला टाळायचंय' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही स्वतः गाडी चालवता तेव्हा त्या इतक्या चिकटलेल्या असतात की मधली फट जाणवत नाही. चाळीस मिनिटं दुसऱ्याच कुणीतरी बिनचूक चालवलं की फट पडते. तुम्ही ट्रक पाहिलात आणि गाडी काय करते याची वाट पाहिलीत.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायची गरज नव्हती.

बिनागिअर

या चर्चेला एकांगी वास येतोय. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेनं काढलेला आकडा असा, की आपोआप ब्रेक लावणाऱ्या गाड्या पुढच्या वाहनाला मागून ठोकण्याचे अपघात निम्म्यानं कमी करतात. जगात रस्त्यांवर वर्षाला ११ लाख ९० हजार माणसं मरतात, हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेचा. ती मारणारी बहुतेक माणसंच आहेत, सॉफ्टवेअर नाही. एका ट्रकच्या किश्श्यावरून यंत्राला नावं ठेवू नका.

काचेपलीकडे

दोन्ही आकडे बरोबर, आणि माझा त्यांच्याशी वाद नाही. पण तुम्ही दोन वेगळी यंत्रं एका पोत्यात घातलीत. आपत्कालीन ब्रेक तुम्हाला चालवू देतो आणि तुम्ही चुकलात तर मधे पडतो. म्हणजे पहारा यंत्राचा, काम माणसाचं. क्लचप्लेट यांच्या क्रूझमध्ये हे उलटं होतं. काम यंत्राचं, पहारा माणसाचा. आणि पहाऱ्यात माणूस किती कच्चा असतो हे १९४८ पासून माहीत आहे. युद्धकाळात रडारचे पडदे न्याहाळणारे लोक का चुकतात, हे शोधायला नॉर्मन मॅकवर्थनं माणसांना एका घड्याळासमोर दोन तास बसवलं होतं. काटा टप्प्याटप्प्यानं सरकायचा आणि क्वचित एकदम दोन टप्पे उडी मारायचा. ती उडी पकडायची, बस. पहिल्या अर्ध्या तासातच पकड ढिली पडली. आळशी माणसं नव्हती ती.

१९८३ मध्ये लिझान बेनब्रिज या बाईंनी एक छोटा निबंध लिहिला, कारखान्यांतल्या नियंत्रण कक्षांबद्दल. मुद्दा असा: सोपं काम यंत्राला देऊन अवघड तेवढं माणसाला ठेवलं, की माणसाचा सराव सुटतो आणि नेमक्या अवघड क्षणी त्याला बोलावलं जातं. मोटारींचा त्यात विषयही नाही, पण मी नवीन विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी तोच वाचायला देते.

सिग्नलहिरवा

रेल्वेतून निवृत्त. इंजिनात आमच्यासमोर एक बटण असायचं. ठरावीक वेळ ड्रायव्हरनं काहीच हालचाल केली नाही तर दिवा लागतो, मग आवाज होतो, तरी बटण दाबलं नाही तर गाडीला ब्रेक लागतो. कागदावर फार सुंदर. खरं सांगू? काही वर्षांनी बोट आपोआप जातं. दिवा लागायच्या आधीच जातं. रात्री तीन वाजता मी ते बटण दाबलंय आणि दाबल्याचं मला आठवत नाही. जागं राहायला मी मोठ्यानं सिग्नल म्हणायचो. सहाय्यक नवीन असला की हसायचा.

गाडीतल्या स्टिअरिंगवर हात ठेवा म्हणून जे टुणटुण वाजतं, ते मला त्याच बटणाचं भावंड वाटतं.

काचेपलीकडे

काका, हे मी उद्या प्रयोगशाळेत सांगणार आहे. २०१६ मध्ये फ्लोरिडात टेस्ला गाडी ऑटोपायलटवर, म्हणजे तिच्या स्वयंचलित यंत्रणेवर, असताना ट्रेलरखाली घुसून चालक गेला, त्या अपघाताच्या चौकशीत आलं की ऑटोपायलट चालू असलेल्या ३७ मिनिटांत स्टिअरिंगवर हात जाणवले ते अवघे २५ सेकंद. तेव्हा भर 'हात आहेत का' यावर होता. आता कॅमेऱ्यानं डोळे बघतात, ते हातांपेक्षा पुष्कळ बरं. फोनमध्ये डोकं घातलेला माणूस सापडतो त्यात. २०१८ मध्ये ॲरिझोनात उबरच्या चाचणी-गाडीनं रस्ता ओलांडणाऱ्या बाईला ठोकरलं, तेव्हा गाडीच्या सेन्सरनं तिला धडकेच्या ५.६ सेकंद आधी टिपलं होतं, पण ती वाहन आहे, सायकल आहे की आणखी काही, यावर गाडी मत बदलत राहिली. गाडीतली चालक खाली बघत होती. तिथे कॅमेऱ्याचा उपयोग झाला असता. क्लचप्लेट यांच्या बाबतीत कॅमेरा म्हणाला असता, उत्तम, नजर रस्त्यावर आहे.

अर्धाकप

मग गाडीनं आधी सूचना द्यावी ना, "आता तू घे" म्हणून.

काचेपलीकडे

ज्या गाडीला स्वतःची चूक कळत नाही ती सूचना काय देणार? आणि दिली तरी लगेच घेता येत नाही. इंग्लंडमध्ये साउदम्प्टनच्या एका सिम्युलेटर अभ्यासात, कसलीही घाई नसताना, ताबा परत घ्यायला चालकांना १.९ पासून २५.७ सेकंदांपर्यंत वेळ लागला. ताशी ११० नं पंचवीस सेकंदांत पाऊण किलोमीटर मागे पडतो. तिथल्याच लीड्सच्या एका अभ्यासात दिसलं की ताबा घेतल्यावरही गाडी लेनमध्ये नीट स्थिरावायला ३५-४० सेकंद जातात. त्या टोकाच्या २५.७ वाल्यावर माझा जीव आहे. काय करत असेल तो?

क्लचप्लेट

सेट वेग ११० होता. बरोबर ओळखलंत.

क्रूझ पूर्ण बंद करणार नाही, गर्दीत पाय दुखतो. पण पुढे उंच गाडी असेल आणि तिच्यापलीकडचं दिसत नसेल तर काढून टाकतो. परवा दोन तास असं केलं. सिग्नलहिरवा काकांसारखं मोठ्यानं बोलूनही पाहिलं: "पुढे व्हॅन, पुढे पूल." जरा वेडगळ वाटतं.

काचेपलीकडे

चालेल, वेडगळ वाटू द्या. एक विचारायचं राहिलं. तुमच्या पत्नी गाडी चालवतात का?

क्लचप्लेट

नाही. लायसन्ससुद्धा नाही. का?

काचेपलीकडे

त्यांना माहीत होतं का, की ही गाडी स्वतः ब्रेक लावते?

क्लचप्लेट

नव्हतं. मी कधी सांगितलंच नाही, उगाच घाबरेल म्हणून. काल सांगितलं. म्हणाली, "मला ट्रक दिसला, म्हणून ओरडले. त्यात काय कळायचंय?"